फोड बसतो, बिऱ्हाड हलत नाही

पत्र थोडक्यात : साताऱ्याजवळ खवा-पेढ्यांच्या कारखान्यात काम करणारे ३१ वर्षांचे वाचक लिहितात, "दोन वर्षं झाली, वरच्या ओठावर, नाकाच्या बुडाशी आणि हनुवटीवर पुवाचे फोड येतात. दुखतात, मधोमध केस असतो, पिवळं तोंड धरतात आणि फुटले की मधासारखी खपली धरते. वर्षातून पाच-सहा वेळा हे होतं. कामावर रोज दाढी करून जावं लागतं. घाई असली की सलूनमध्ये करतो. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत लाली उतरते. सोबत अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेतो. महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच. घरचे म्हणतात रक्त खराब आहे, अंगात उष्णता आहे. कडुनिंबाचा रस पिऊन झाला. मध्यंतरी साडेचार वर्षांच्या मुलीच्या नाकाखालीही तशाच खपल्या आल्या. फोड मास्कखाली लपवतो, कारण साहेबांना कळलं तर काम जाईल अशी भीती वाटते. एखादं भारी इंजेक्शन घेऊन हे मुळापासून जाईल का? की कायमची दाढीच राखू?"

भारी इंजेक्शनाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. दोन वर्षांत तुम्ही औषध कमी घेतलेलं नाही, आणि दर वेळी फोड बसलाही आहे. कोडं आहे ते फोड बसल्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्याचं. तेवढे दिवस जंतू राहतात कुठे?

नुसत्या पत्रावरून निदान करता येत नाही, तरी तुम्ही केलेलं वर्णन स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूकडे बोट दाखवतं. साधारण दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकपुडीत, अगदी तोंडाशी, हा जंतू बिऱ्हाड करून असतो. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. नाकात गेलेलं बोट ओठावर येतं, ओठावरची कातडी सकाळीच रेझरने खरवडलेली असते, आणि जंतू केसाच्या मुळाशी उतरतो. तुमचे फोड गालावर किंवा कपाळावर न येता नाकाच्या आसपासच का येतात, हे बहुधा त्यातूनच समजतं. चेहऱ्यावरचा फोड बरा करणारं औषध नाकातल्या बिऱ्हाडापर्यंत पोचलं नाही, की पुढच्या खेपेची सोय झालेलीच असते.

'रक्त खराब' या म्हणण्याबद्दल दोन शब्द. रक्तात असं काही साचत नाही जे कडुनिंबाच्या रसाने धुऊन निघेल, आणि रस पोटात गेल्याने नाकपुडीतल्या जंतूला काही फरक पडत नाही. पण घरच्यांचं सगळंच चुकलेलं नाही. उन्हाळ्यात घाम, घासलेली कातडी आणि ओला मास्क यांमुळे असे फोड वाढतात. 'उष्णता' म्हणतात तेव्हा लोक बऱ्याचदा हेच पाहिलेलं सांगत असतात. आणि रक्तातली एक गोष्ट खरोखर तपासायला हवी : साखर. वारंवार पुवाचे फोड येणं ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते, ३१ व्या वर्षीसुद्धा. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी), अशा तिन्ही तपासण्या करून घ्या. एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. डॉक्टरांनी एचआयव्हीची चाचणी लिहून दिली तर दचकू नका. वारंवारच्या संसर्गात ती सांगणं रीतीचंच आहे.

आता ती ट्यूब. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच आहे. ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. तिथे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसतंय का ते बघा. ही सगळी स्टिरॉइडं आहेत. मेडिकलमध्ये 'सगळ्यावर चालतं' म्हणून दिल्या जाणाऱ्या मलमांत स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र कालवलेलं असतं. स्टिरॉइडने लाली आणि सूज उतरते, म्हणून दोन दिवसांत गुण आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात जंतूशी लढणारी कातडीची ताकदच दबलेली असते. वारंवार लावल्याने चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि मलमामुळेच नवीन पुटकुळ्या उठतात. मग त्या बसवायला पुन्हा तेच मलम! हे चक्र इतकं पसरलं की २०१८ साली सरकारने अशा १४ स्टिरॉइडांची लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी काउंटरवर मिळतात, हे तुम्हाला सांगायला नकोच.

ट्यूबमध्ये स्टिरॉइड निघालं आणि तुम्ही ती फोड आल्यावर चार-पाच दिवसच लावत असाल, तर सरळ बंद करा. महिनोन् महिने रोज लावत असाल तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा. बंद केल्यावर चेहरा काही दिवस ते काही आठवडे लालभडक होतो, जळजळतो, आणि घाबरून माणूस पुन्हा ट्यूबकडेच वळतो. तो काळ कसा काढायचा हे आधी ठरवून ठेवलेलं बरं.

अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांचंही तसंच. या जंतूवर ते औषध आता अनेकदा लागू पडत नाही. कोणतं लागू पडेल हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा पू प्रयोगशाळेत पाठवून, त्यातला जंतू वाढवून तपासावा, याला कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात. यात एक चूक नेहमी होते : रुग्ण आधी दोन दिवस गोळ्या खाऊन मग तपासणीला जातो आणि रिपोर्टात काहीच उगवत नाही. नवा फोड पिवळा झाला की गोळी घेण्याआधी, त्या दिवशी मलमही न लावता, स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला पुवाचा नमुना) द्या. त्याच वेळी नाकपुडीचा स्वॅब घ्यायचा का, हेही विचारा. रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांत येतो. त्यात जंतूचं नाव आणि प्रत्येक औषधासमोर एस किंवा आर असतं. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. 'एमआरएसए', म्हणजे याच जंतूचा निर्ढावलेला प्रकार, लिहून आलं तर घाबरून जाऊ नका. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत, पण चालणारी औषधं आहेत. आणि 'स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस' आलं तर तो कातडीवरचा नेहमीचा रहिवासी असतो; बऱ्याचदा तो स्वॅब घेतानाच लागलेला असतो. तेवढ्यावरून स्वतःच औषध सुरू करू नका.

चेहऱ्यावरचा प्रत्येक फोड या जंतूचाच असतो असंही नाही, आणि हे तुमच्यासारखाच त्रास असलेल्या इतर वाचकांनी नीट वाचावं. ओठाच्या कडेला, दर वेळी त्याच जागी, आदल्या दिवशी मुंग्या किंवा चुरचुर होऊन पाण्यासारख्या बारीक फोडांचा घोस येत असेल तर ती नागिणीच्या भावकीतली हर्पिस असते. अँटिबायोटिकचा तिथे काही उपयोग नाही. जबड्याखाली, गळ्यावर टणक पुटकुळ्या आणि आत वळलेला केस दिसत असेल तर तो रेझरचा प्रताप. तो केस वेळेवर मोकळा झाला की बरंचसं काम होतं. दाढीत गोल कडा धरून खाज येत असेल, केस ओढला की न दुखता हातात येत असेल, तर ते गजकर्ण आहे. त्यावर स्टिरॉइडची ट्यूब लावली की गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरही क्षणभर फसतो. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, दुखण्यापेक्षा खाजणाऱ्या पुटकुळ्या अँटिबायोटिक घेतल्यावर वाढल्या असतील तर ती बहुधा बुरशी असते. दाढीतला फोड दुखरा, पुवाचा आणि मधोमध केस असलेला असेल, तरच पुढचं लागू.

डॉक्टर आधी चालू फोड बरे करतील. गोळ्या कोणत्या आणि किती दिवस हे रिपोर्टावर ठरेल. डॉक्सिसायक्लिन दिली तर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. त्या दिवसांत उन्हात कातडीही लवकर भाजते. कातडी शांत झाली की बिऱ्हाड हलवायची पाळी. त्याचा ठरलेला बेत पाच दिवसांचा असतो. म्युपिरोसिन २ टक्के हे मलम काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं, दिवसातून दोनदा, दोन्ही नाकपुड्यांच्या तोंडाशी आतून लावायचं आणि नाक बाहेरून दाबून मिनिटभर चोळायचं. काडीवर कापूस गुंडाळून खोल घालायची गरज नाही, कारण जंतू पुढेच राहतो. नाकासाठीचं म्युपिरोसिन वेगळ्या बेसमध्ये (औषध ज्यात मिसळतात त्या लेपात) बनवलेलं मिळतं; अंगावर लावायच्या ट्यूबमधलं आत झोंबू शकतं. म्हणून कोणतं घ्यायचं ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या.

त्याच पाच दिवसांत क्लोरहेक्सिडिन ४ टक्क्यांच्या द्रावणाने रोज मानेखाली आंघोळ करायची. काखा आणि जांघा विसरू नका, तीही या जंतूची आवडती ठिकाणं. हे द्रावण डोळ्यांत आणि कानात जाता कामा नये, म्हणून चेहऱ्यावर मनाने वापरू नका. चेहऱ्यासाठी डॉक्टर अनेकदा बेंझॉइल पेरॉक्साइडचा २.५ किंवा ५ टक्क्यांचा वॉश देतात : मिनिट-दोन मिनिटं ठेवून धुवायचा. कातडी कोरडी पडली तर दिवसाआड करा. त्याच्यामुळे टॉवेल आणि शर्टाच्या कॉलरवर पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत, म्हणून त्या दिवसांत पांढरा पंचा वापरा.

आणि हे पाच दिवस रोज टॉवेल, उशीचा अभ्रा आणि बनियन बदलायचं. बेत फसतो तो बहुतेक वेळा इथे. नाक साफ करून माणूस त्याच तेलकट उशीवर झोपतो. मशीन असेल तर ६० अंशांवर धुवा. नसेल तर कढत पाण्यात साबणाची पावडर घालून अर्धा तास भिजवा, कडक उन्हात वाळवा, अभ्र्यावर गरम इस्त्री फिरवा. मोबाइलची काच आणि चष्म्याची दांडी रोज पुसा. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टाही. त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

मुलीच्या नाकाखालच्या खपल्यांमुळे यात घरही आलं. एका घरात दोघांना असे फोड येतात तेव्हा जंतू टॉवेलमागे टॉवेल फिरत असतो, आणि एकट्याने उपचार घेतले तर दुसऱ्याकडून तो परत येतो. मुलीला डॉक्टरांना दाखवा. घरातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात नाकाचं मलम लावायचं का, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मुलीला तुमच्या गोळ्यांचे तुकडे मात्र देऊ नका. डॉक्सिसायक्लिन लहान मुलांसाठी नसते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, खिळाही वेगळा.

एवढं करून जंतू कायमचा गेला असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. काही महिन्यांनी तो नाकात परत येतो, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं. पाच-सहा खेपांवरून वर्षाला एखाददुसरीवर आलात, तर उपचार लागू पडला असं समजा. 'मुळापासून' या शब्दावर अडून बसलात तर निराश व्हाल, आणि मग दर महिन्याला नाकात मलम लावायची सवय लागेल. ती तर मुळीच नको, कारण त्यानेच जंतू म्युपिरोसिनला निर्ढावतो.

दाढी कायमची राखायची गरज नाही. फोड असताना मात्र रेझर बंद. ट्रिमर चालेल, पण कातडीला टेकवून नव्हे. मिलिमीटरभर खुंट राहू द्या. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात दाढीवर घालायची जाळी मिळते, ती मागा. कातडी बरी झाल्यावर दाढीची रीत बदला. आंघोळीनंतर करा, म्हणजे केस मऊ झालेले असतात. साबणाच्या फेसाऐवजी जेल किंवा क्रीम लावून दोन-तीन मिनिटं थांबा. केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने रेझर चालवा, कातडी ताणू नका, आणि एकाच जागी तीन-तीनदा फिरवू नका. चार-पाच पात्यांचं रेझर केस कातडीच्या खालून कापतं; तुमच्यासारख्याला एक-दोन पात्यांचं बरं. निरोगी भागापासून सुरुवात करून ओठ आणि हनुवटी शेवटी घ्या. रेझर बाथरूमच्या ओलसर कोनाड्यात न ठेवता झटकून कोरड्या जागी ठेवा.

सलूनमध्ये ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात. ते तुमच्या डोळ्यांदेखत नवीन घातलेलं असावं, यावर आता बरेच जण लक्ष ठेवतात. पण ब्लेड नवं असूनही तुरटी तीच असते. सकाळपासून वीस चेहऱ्यांवरून फिरलेला तो ओला खडा शेवटी तुमच्या ताज्या कापलेल्या हनुवटीवर येतो, आणि तुरटी जंतू मारते या भरवशावर सगळे निश्चिंत! ब्रश, पावडरचा पफ आणि खांद्यावरचा नॅपकिन यांचंही तेच. आपला टॉवेल न्या, क्रीम हाताने लावायला सांगा, तुरटीला सरळ नाही म्हणा.

फोड आलाच तर दाबू नका. नाकाच्या उंचवट्यापासून ओठांच्या दोन्ही टोकांपर्यंतच्या तिकोनातल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या आहेत. तिथला पू दाबून आत गेला तर मेंदूजवळच्या शिरेत गुठळी होऊ शकते. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ फडका दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा धरा आणि दर वेळी नवा फडका घ्या. टूथपेस्ट किंवा चुना लावून कातडी भाजून घेऊ नका. ताप आला, पापणी सुजली, डोळा दुखू लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, जोराचं डोकं धरलं, ओठ टणक सुजला किंवा लाली तासागणिक पसरू लागली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. आणि हो, तेव्हा खरंच इंजेक्शन लागतं.

राहिला मास्क. ही गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी लिहिलीत, माझ्या लेखी ती वरची आहे. तुमच्या फोडातला जंतू खव्यात पडला आणि खवा काही तास बाहेर राहिला, तर जंतू त्यात विष तयार करतो. नंतर खवा पुन्हा गरम केला तर जंतू मरतो, विष मात्र तसंच राहतं. पेढा खाल्ल्यावर एक ते सहा तासांत माणसं उलट्यांनी हैराण होतात. मास्कने तुम्ही फोड झाकता, पण तो खाजला की हात मास्कखाली जातो आणि तोच हात पुन्हा खव्यावर येतो. हातमोज्याचंही तसंच : मोज्याने हनुवटी खाजवली की मोजा असून नसल्यासारखा. शिवाय घामाने ओला झालेला मास्क त्याच जागी घासून नवे फोड आणतो. पाळीत निदान दोनदा तो बदला.

अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे कातडीचा संसर्ग किंवा पुवाची जखम असलेल्या माणसाने उघड्या खाद्यपदार्थाला हात लावायचा नसतो. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते, म्हणजे साहेबांना हा विषय नवा नाही. 'मला आजार आहे' असं म्हणत जाण्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा : अमुक दिवस उपचार चालू, तोवर रेझर नको, उघड्या मालावर काम नको. बंद खोक्यांचं पॅकिंग, गोडाऊन किंवा गाडीत माल भरणं असं काही दिवस मागून घ्या. काम जाईल ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, तुमचा कारखाना तुम्हाला ठाऊक. पण स्वतःहून चिठ्ठी पुढे करणं आणि तक्रार आल्यावर मास्कखालचा फोड सापडणं, यांत तुमची बाजू कुठे भक्कम राहील ते बघा.

सुरुवात साध्या वहीने करा. फोड कोणत्या तारखेला आणि कुठे आला, त्याआधी दाढी कधी व कुठे केली, काय लावलं, काय खाल्लं, एवढंच लिहा. फोड आल्याबरोबर उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तो बसलेला असतो. त्वचारोगतज्ज्ञांची फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जा. कल्चर तिथेही होतं. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी.